कॉम्पॅक्टर विजेवर न्यायचा? आधी चेसिसखाली बत्ती मारा

प्रश्न मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेच्या स्वच्छता निरीक्षकांचा आहे. गाव सव्वा लाख वस्तीचं. चार डिझेल कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या मोठ्या गाड्या, आहेत: दोन २०१३ चे, एक २०१८ चा, एक २०२१ चा. शिवाय अठरा डिझेल घंटागाड्या. डंपिंग ग्राउंड गावापासून ११ किलोमीटरवर. डिझेल गाडी विजेवर नेण्याचं किट विकणाऱ्या एका कंपनीने कॉम्पॅक्टरमागे ४२ लाखांचं कोटेशन दिलंय, १५० युनिटची बॅटरी धरून. ‘नव्या इलेक्ट्रिक गाडीपेक्षा कितीतरी स्वस्तात काम होईल’ असं त्यांचं म्हणणं. साहेबांना सगळ्याच गाड्या करून घ्यायच्या आहेत. कराव्यात का?

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगून टाकतो. घंटागाड्या करू नका. २०१३ चे दोन कॉम्पॅक्टर तर अजिबात नको. २०२१ चा करा, पण काही गोष्टी तपासून. २०१८ च्या गाडीला मी चेसिस बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका.

माझी पंचवीसेक वर्षं महापालिकेच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि नंतरची काही अशा गाड्या बदलून देण्याच्या कामात. त्यामुळे दोन्हीकडची गोम ठाऊक आहे.

घंटागाड्यांचा विषय दोन ओळींत संपतो. छोटा हत्तीच्या वर्गात आता कंपनीचीच इलेक्ट्रिक गाडी मिळते. टाटाची एस ईव्ही २०२२ मध्ये आली, तिची बॅटरी २१.३ युनिटची. गल्लीबोळासाठी इलेक्ट्रिक तीनचाकीही आहेत. कचऱ्याच्या कामात छोट्या गाडीचा सांगाडा तसाही लवकर खंगतो. अशा गाडीवर किट, मजुरी आणि आरटीओच्या चकरा असा खर्च करण्यापेक्षा ती जशी मोडीत निघेल तशी इलेक्ट्रिक घ्या.

आता कॉम्पॅक्टर.

डिझेलचा कॉम्पॅक्टर विजेवर नेणं म्हणजे लोकांना इंजिन काढून मोटर बसवणं वाटतं. त्या भागाची मला काळजी नाही, ते जमतं. काळजी उरलेल्या गाडीची. आपला कचरा ओला असतो; भाजीपाला, शिळंपाकं, फुलं, फळांच्या साली यांचंच वजन जास्त. पॅकरची, म्हणजे कचरा दाबणारी, प्लेट दाबली की त्यातून पाणी सुटतं. कागदोपत्री त्याला लिचेट म्हणतात. ते आंबट असतं, त्यात मीठ असतं आणि ते लोखंड खातं. खाली लिचेटची टाकी असते, पण तिचा कॉक कचऱ्याने तुंबलेला नाही असा कॉम्पॅक्टर मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेत. मग ते पाणी टेलगेटच्या, म्हणजे मागच्या दाराच्या, रबरी सीलमधून गळतं, मागच्या क्रॉसमेंबरवर म्हणजे सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर बसतं, चेसिस आणि तिच्यावरच्या सबफ्रेमच्या मधल्या फटीत जिरतं. बाहेरून रंग दिलेला असतो, स्वच्छ सर्वेक्षणाच्या आधी तर नक्कीच. आतून पोळी सुटावी तसे गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात.

म्हणून कोटेशन बाजूला ठेवा. गाडी रिकामी करा, खालून प्रेशरने धुवा, एक दिवस उन्हात वाळू द्या. मग बत्ती आणि बारकी हातोडी घेऊन फिटरला खाली पाठवा. टेलगेटच्या बिजागऱ्यांचे ब्रॅकेट, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, शेवटचे दोन क्रॉसमेंबर, सबफ्रेमचे यू-बोल्ट. हातोडी मारल्यावर टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, किंवा स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर खपली निघाली, तर ती गाडी विजेवर न्यायची नाही. हॉपरचा, म्हणजे मागे कचरा ओततात त्या हौदाचा, पत्रा सडला असेल तर घाबरू नका. तो बदलायचाच असतो, चपलेच्या तळव्यासारखा. चेसिसच्या लांब पट्ट्या मात्र बदलायच्या नसतात.

दुसरं म्हणजे वय. केंद्राच्या जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून सरकारी, महापालिका-नगरपालिकांच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या मालकीच्या १५ वर्षं झालेल्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. त्या अधिकृत केंद्रात मोडीत काढायच्या असतात. इंजिन काढून मोटर बसवली तरी पहिल्या नोंदणीची तारीख तीच राहते. म्हणजे तुमचे २०१३ चे दोन कॉम्पॅक्टर २०२८ मध्ये जाणार. त्यांच्यावर मिळून ८४ लाख घातले तर लेखापरीक्षणात पहिला आक्षेप तोच येईल, आणि बरोबर येईल. कंपनीचा माणूस हे बोलला नसेल. किट विकणं हे त्याचं काम. तुमच्या नोंदणी पुस्तकातली तारीख वाचणं तुमचं.

आता पैशाचा हिशोब. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही लॉगबुकातले घाला. दिवसाला दोन फेऱ्या, येऊनजाऊन ४४ किलोमीटर, वर गावातलं फिरणं, असे ५२ धरू. कॉम्पॅक्टर लिटरला दोन-सव्वादोन किलोमीटर देतो, म्हणजे २४ लिटर. ९२ रुपये भावाने सुमारे २,२०० रुपये. विजेवर तेवढ्याच कामाला बॅटरीतून ८० ते ९० युनिट जातात आणि चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर १०० पडतात. ९ रुपयांनी ९०० रुपये. ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट वाचतात ते धरून दिवसाला दीड हजार वाचले असं समजू. वर्षाचे ३०० दिवस धरले तर साडेचार लाख. ४२ लाख भागिले साडेचार: नऊ वर्षांहून थोडं जास्त.

२०२१ ची गाडी २०३६ पर्यंत चालेल. म्हणजे एका पाळीत ती जेमतेम पैसे फेडते. २०१८ ची फेडत नाही. इथे बहुतेक जण कपाळाला हात लावून फाइल बंद करतात. थांबा. डिझेल गाडी जितकी चालवाल तितकी महाग पडते. इलेक्ट्रिक गाडीचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो, ती जितकी पळेल तितकी स्वस्त होत जाते. म्हणून चारही गाड्या थोड्याथोड्या चालवण्यापेक्षा एकच विजेवर न्या आणि तिला दोन पाळ्या द्या: सकाळी वस्ती, रात्री बाजारपेठ. दोन पाळ्यांत तेच ४२ लाख पाचेक वर्षांत निघतात. २०१३ च्या गाड्या राखीव ठेवा, २०२८ पर्यंत त्या सणासुदीला आणि बिघाडाला उपयोगी पडतील. एकाच गाडीवर इतका भार टाकायला निरीक्षक बिचकतात, ते मी समजू शकतो. म्हणूनच राखीव गाडी चालू स्थितीत ठेवा असं सांगतोय.

परदेशात तर सर्रास करतात असं कुणीतरी बैठकीत म्हणेल. करतात. इंग्लंडमध्ये शेफील्डला कचरा उचलणाऱ्या वेओलिया कंपनीच्या जुन्या डिझेल कचरागाड्या मॅगटेक नावाच्या तिथल्याच कंपनीने विजेवर नेल्या, आणि शहराचा कचरा जाळून जी वीज तयार होते तिच्यावरच त्या चार्ज करायचं ठरलं. कल्पना झकास आहे. पण तिथे नवी इलेक्ट्रिक कचरागाडी डिझेलच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडते, त्यामुळे जुनी वाचवण्यात अर्थ असतो. शिवाय तिथला कचरा कोरडा; खालचं लोखंड आपल्याइतकं भिजत नाही. त्यांचा हिशोब जशाचा तसा उचलू नका. आणि आपल्याकडे केंद्राची मदत जुन्या गाडीच्या बदलाला नाही, नवी घेण्याला आहे. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत नव्या ई-ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाखांपर्यंत प्रोत्साहन आहे आणि त्यासाठी जुना ट्रक मोडीत काढल्याचा दाखला लागतो. २०१३ च्या गाड्या जातील तेव्हा हा दाखला हातात असेल, तोवर योजना चालू असली तर उपयोगी पडेल, हे डोक्यात ठेवा.

२०२१ ची गाडी करायची ठरली असं धरून पुढे जातो. ८०-९० युनिट जातात कुठे, हे माहीत असल्याशिवाय बॅटरी किती मोठी हवी ते ठरत नाही, आणि नेमकं इथेच कंपन्या ढोबळ उत्तर देतात. ट्रकला किलोमीटरला अमुक युनिट लागतात, तुमचे किलोमीटर इतके, करा गुणाकार! कचरागाडी किलोमीटरवर चालत नाही, थांब्यांवर चालते. बारा टनांची गाडी ताशी २० चा वेग घेते तेव्हा तिच्यात सुमारे ०.०५ युनिट ऊर्जा साठते, आणि पन्नास पावलांवर ब्रेक मारला की ती ब्रेकलायनरमध्ये जळून जाते. दिवसाला ३०० थांबे म्हणजे १५ युनिट. विजेच्या गाडीत यातली काही परत बॅटरीत येते. इतक्या कमी वेगात एक तृतीयांश आली तरी मी खूश. डिझेल गाडीत सगळीच जाते, वर लायनर बदलायचं बिल येतं. टेस्लाच्या सुरुवातीच्या मंडळींतले इयान राइट स्वतःची कंपनी काढून पुढे वळले ते कचरागाड्यांकडे, त्यामागेही हाच हिशोब. सगळ्यात जास्त थांबणारी गाडी सगळ्यात जास्त वाचवते.

पण खरा खाणारा मागे बसलाय: हायड्रॉलिक पंप. मिनिटाला १०० लिटर तेल १८० बारला ढकलायचं म्हणजे ३० किलोवॉट झाले. दाबायचं एक आवर्तन वीस-पंचवीस सेकंदांचं. सगळा वेळ पूर्ण दाब नसतो, तरी गळतीसकट दर आवर्तनाला ०.१५ ते ०.२ युनिट जातात. एका फेरीत ८० आवर्तनं, दोन फेऱ्यांत १६०. पंचवीस ते तीस युनिट इथेच संपले. म्हणजे दिवसाच्या विजेचा जवळपास तिसरा हिस्सा चाकांकडे जातच नाही. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, पीटीओचा, म्हणजे इंजिनच्या ताकदीवर फिरणारा, जुना गिअर पंप तसाच ठेवून मोटरला जोडून देतो असं कंपनी म्हणाली तर नाही म्हणा. डिझेलवर पंप सगळा वेळ फिरतो आणि काम नसताना तेल नुसतं टाकीत परत जाऊन तापतं. विजेवर पंपाला वेगळी मोटर हवी: बटण दाबलं की फिरायची, सोडलं की थांबायची. दोन, मुकादमांना सांगा की दर डब्यामागे प्लेट दाबायची गरज नाही. आपला ओला कचरा मुळातच जड असतो, तो दाबून फार लहान होत नाही. हॉपर भरला की दाबा. लोडर मंडळींना सवयीने बटण दाबायला आवडतं. एका ठिकाणी आम्ही फक्त एवढंच बदललं, तर तेलाचं तापमान आणि वीज दोन्ही उतरली.

चाकं आणि पंप सोडून उरलेली वीज हवेच्या कॉम्प्रेसरला, स्टीअरिंगच्या पंपाला, २४ व्होल्टच्या दिव्यांना आणि बॅटरीच्या कूलिंगला जाते. हे सगळं पूर्वी इंजिन फुकटात करत होतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ब्रेक हवेवर, स्टीअरिंग तेलावर. इंजिन गेलं की दोन्ही गेले. त्यांना स्वतःच्या मोटरी लागतात. कोटेशनमध्ये त्यांची नावं स्वतंत्र ओळींत आहेत का ते बघा. नसतील तर त्या ओळी नंतर ‘जादा काम’ म्हणून येतील.

मग १५० युनिट पुरतात का? नवी असताना आरामात. पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, आणि आठ वर्षांनी ती ८० टक्क्यांवर येईल असंच धरून चालावं. तेव्हा हाताशी उरतात शंभरेक युनिट. एका पाळीला पुरे. दोन पाळ्यांच्या मध्ये दोन तास ६० किलोवॉटचा चार्जर हवा. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आणि लक्ष्मीपूजनानंतर तिसरी फेरी होणारच, त्या दिवशी राखीव गाडी बाहेर काढा. वर्षातल्या चार दिवसांसाठी मोठी बॅटरी घेऊन वर्षभर तिचं ओझं वाहू नका.

ओझं म्हणालो ते शब्दशः. १५० युनिटचा लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅक ११०० किलोच्या घरात जातो. इंजिन, क्लच, डिझेल टाकी, सायलेन्सर निघाले तरी गाडी काहीशे किलोंनी जडच होते, आणि तेवढा कचरा कमी भरायचा असतो. नोंदणी पुस्तकातलं एकूण वजन वाढत नाही. वजनकाट्यावर रिकामी गाडी आधी आणि नंतर तोलून घ्या, पुढचा आस आणि मागचा आस वेगवेगळा. याचं कारण सांगतो. कॉम्पॅक्टरचं टेलगेट आधीच मागे लटकलेलं असतं. पुढचं पाचशे किलोचं इंजिन काढलं आणि बॅटरी केबिनच्या मागे रचली, तर गाडी पुढून हलकी होते. डंपिंगच्या चढावर भरलेली गाडी पुढची चाकं जेमतेम टेकवत चढते आणि स्टीअरिंग पाण्यात फिरवल्यासारखं वाटतं. मी स्वतः ते चालवून बघितलंय, पुन्हा बघायची हौस नाही. बॅटरीचा निदान एक भाग इंजिनच्या जागीच बसला पाहिजे.

त्याच चढाचा दुसरा हिशोब मोटरचा. सोळा टनांची गाडी, १५ टक्क्यांचा चढ, वर चिखल. गणित केलं तर चाकांवर चौदा हजार न्यूटन-मीटरच्या आसपास आघूर्ण (टॉर्क) लागतं. मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण सहाच्या जवळ असतं, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टवर सुमारे अडीच हजार. गिअरबॉक्स काढून मोटर थेट शाफ्टला जोडणार असतील तर तिची कमाल क्षमता याच्या वर हवी. कमी असेल तर गिअरबॉक्स ठेवू द्या. दिसायला जुनाट, पण चढ चढतो. चाचणी ऑफिससमोरच्या डांबरी रस्त्यावर घेऊन सही करू नका. पावसाळ्यात, भरलेली गाडी, तुमच्याच डंपिंगच्या रॅम्पवर, मधोमध थांबवून पुन्हा उचलायची. आणि उतरताना मोटरचा ब्रेक कमीत कमी ठेवायचा. ओल्या चिकट रॅम्पवर मागची चाकं एकदम धरली की गाडी आडवी होते.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या, पातळ कूलंट फिरवून थंड होणारी. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता गाडी परत येते तेव्हा बाहेर ४२-४३ अंश असतात आणि पॅक आधीच तापलेला असतो. लगेच चार्जरला लावू नका. दोन पाळ्या असतील तर पॅक थंड करूनच चार्ज करेल अशी यंत्रणा मागा. आगीचा आणखी एक मुद्दा आहे. चहाच्या टपऱ्यांची राख आणि विझले म्हणून टाकलेले निखारे घेऊन कचऱ्याच्या गाडीत आग येतेच. डिझेलच्या दिवसांत ड्रायव्हर मोकळ्या जागी नेऊन माल ओततो आणि मग पाणी मारतो. तीच सवय ठेवा. त्यासाठी टेलगेट उचलणं आणि माल ढकलणं ही दोन कामं मुख्य बॅटरी बंद पडली तरी हातपंपाने होतील अशी सोय करून घ्या. आणि बॅटरीचे खोके बॉडीपासून अंतर ठेवून, मध्ये पत्र्याची आडभिंत घालून बसवायचे.

उंदरांबद्दल कुणी बोलत नाही. कचऱ्याच्या गाड्यांच्या डेपोत उंदीर नाहीत असं होत नाही, आणि उच्च दाबाच्या नारिंगी केबलचं वेष्टण त्यांना आवडतं. केबल धातूच्या नळीतून न्या. इन्सुलेशन तपासणारं उपकरण असतं ते बायपास करू देऊ नका. सकाळी ‘एरर येतोय साहेब’ म्हणून कुणी ते बायपास केलं, तर पुढचा धक्का धुणाऱ्या माणसाला बसेल.

आता एक फजिती. आम्ही नऊ वर्षं जुना कॉम्पॅक्टर विजेवर नेला होता, कुठे ते सोडा. मोटर छान, ड्रायव्हर खूश, डिझेल बंद. सातव्या महिन्यात टेलगेटच्या बिजागरीला तडा गेला. त्यात नवल नाही, कचरागाडीला महिन्यातून एकदा तरी वेल्डिंग लागतंच. रात्रपाळीच्या वेल्डरने नेहमीप्रमाणे अर्थिंगचा चिमटा जिथे सापडला तिथे चेसिसला लावला आणि टाका मारला. टाका सुरेख होता. बॅटरी सांभाळणारे दोन कार्ड गेले. गाडी पाच आठवडे उभी राहिली, कारण कार्ड परदेशातून यायचे होते. वेल्डरची चूक नव्हती. वीस वर्षं तो तसंच करत होता आणि त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं; आम्ही प्रशिक्षण दिलं ते ड्रायव्हरला. तेव्हापासून मी पहिलं प्रशिक्षण वेल्डरला देतो: मुख्य डिस्कनेक्ट काढायचा, कंट्रोलरचे प्लग सोडायचे, चिमटा टाक्याच्या वीतभर अंतरात. नऊ वर्षांच्या चेसिसला बिजागरीजवळ तडा गेला म्हणजे काय हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. वर्षभरात मागचा क्रॉसमेंबरही गेला. वरची हातोडीची गोष्ट तिथून आली आहे.

माणसांचंही बघा. मागे फूटबोर्डवर उभा असलेला लोडर गाडी सुटणार आहे हे इंजिनच्या आवाजावरून ओळखतो. पॅकर चालू आहे हेही आवाजावरूनच. विजेवर दोन्ही आवाज जातात, आणि मोटरचा झटका डिझेलपेक्षा तिखट असतो. सुरुवातीचा वेग सॉफ्टवेअरमधून हळू करून घ्या, मागे लोडरच्या हाताशी घंटीचं बटण द्या, रिव्हर्सला भोंगा ठेवा. पहाटे पाचला गल्लीत आवाज नाही म्हणून नागरिक खूश होतील, पण कुत्री आणि शाळेला निघालेली पोरं गाडीसमोर येतील.

कागदपत्रांत एकच गोष्ट रेटून धरायची. डिझेल गाडी पूर्ण इलेक्ट्रिक करायच्या किटला एआयएस-१२३ या वाहन मानकाच्या भाग ३ नुसार मान्यता लागते. पुण्याची एआरएआय किंवा सीआयआरटी, मानेसरची आयकॅट अशा संस्था ती चाचणी करून देतात. प्रमाणपत्र नुसतं ‘किटला मान्यता आहे’ असं नको. त्यात तुमच्या गाडीचं मॉडेल बसतं का ते ओळ लावून वाचा. बॅटरीसाठी एआयएस-०३८ ची सुधारित दुसरी आवृत्ती. बसवणारा माणूस किट कंपनीने अधिकृत केलेला हवा. मग मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदलाची नोंद, नोंदणी पुस्तकात इंधन बदलून घेणं, विमा कंपनीला लेखी कळवणं आणि हिरवी पाटी. यातलं एक राहिलं आणि अपघात झाला, तर विमा कंपनी तेवढंच धरून बसेल.

निविदेत हमीबद्दल सगळेच लिहितात. मी दोन वाक्यं आग्रहाने घालायला लावतो. पहिलं: हमी वर्षांत नको, वर्षं आणि बॅटरीतून गेलेले एकूण युनिट अशा दोन्हींत हवी, आणि सहाव्या वर्षी किती युनिट वापरायला मिळतील तो आकडा लिहिलेला हवा. दुसरं: गाडीच्या कंट्रोलरचं निदान करणारं सॉफ्टवेअर आणि त्याचा पासवर्ड नगरपरिषदेच्या ताब्यात. या धंद्यात कंपन्या येतात आणि जातात. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला की साधा सेन्सर बदलला तरी गाडी उठत नाही, आणि ४२ लाखांची वस्तू डेपोत उभी राहते.

२०१८ च्या गाडीचं शेवटी सांगतो. हातोडीत ती पास झाली तरी ४२ लाख फेडणार नाही. तिच्यासाठी मधला रस्ता आहे: चाकं डिझेलवरच राहू द्या, फक्त मागचा पंप विजेवर न्या. पंचवीस-तीस युनिटची छोटी बॅटरी, पंपाला वेगळी मोटर, रात्री साध्या थ्री-फेजवर चार्जिंग. कचरा भरताना इंजिन बंद. आवाज आणि धूर नेमका लोकांच्या दारात होतो, तो तिथेच थांबतो. इंजिनचे तास कमी होतात. आणि २०३३ मध्ये गाडी मोडीत गेली की बॅटरी, मोटर, पंप काढून दुसऱ्या गाडीवर बसवता येतात. या कामाचं वेगळं कोटेशन मागवा. कंपनी फार उत्साह दाखवणार नाही, कारण त्यात पैसा कमी सुटतो. यालाही बदलाची मंजुरी लागते, ते आरटीओत आधी विचारून घ्या.

चार्जरची जागा ठरवताना डेपोत पावसाचं पाणी कुठवर चढतं ते जुन्या वॉचमनला विचारा आणि त्याच्या वर हातभर ओटा बांधा. महावितरणकडे वाढीव लोडचा अर्ज किटच्या ऑर्डरच्या आधी टाका. गाडी तयार आणि रोहित्र नाही, असं मी दोनदा बघितलंय.

आणि २०२१ च्या गाडीतून निघालेलं इंजिन, गिअरबॉक्स, क्लच कंपनीला ‘बायबॅक’मध्ये देऊ नका. कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ती ओळ असते. त्यांचे चाललेले तास कमी असतात. त्यातले जे भाग तुमच्या २०१८ च्या गाडीला खरंच बसतात, ते भांडार नोंदवहीत नोंद करून, ग्रीस लावून ताडपत्रीखाली ठेवा. दोन-तीन वर्षांत त्यांची गरज पडेल.